माठसुद्धा आपण वाजवून घेतो...



सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठीचा पेपर म्हणजे 'पास झालो, सुटलो' असा प्रकार! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती मेसच्या टेबलावर आपण ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत दिलेली बरी.

गेल्या वर्षी एस.ई.ला आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट होता न्यूमॅटिक ग्रिपर. म्हणजे हवेच्या दाबावर उघड-मीट होणारा यांत्रिक पंजा. आम्ही दोघी आणि ते दोघे. भोसरीच्या एखाद्या शेडमधून तयार प्रोजेक्ट उचलायचा, रंग मारायचा आणि व्हायवाला 'सर, आम्हीच बनवला' म्हणायचं, हे आम्हाला करायचं नव्हतं. सिलिंडर आणि ५/२ वॉल्व्ह विकत घेतले. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि ट्रकच्या एअर ब्रेकची टाकी भंगारवाल्याकडे मिळाली. अडलं ते मॅनिफोल्डपाशी. एका तोंडातून हवा आत घेऊन चार तोंडांना वाटणारा हा ठोकळा आमच्या पंजाच्या आकारात बाजारात मिळत नव्हता. अ‍ॅल्युमिनियमचा मिलिंग करून घ्यायचा तर खर्च आमच्या बजेटच्या बाहेर. मग ठरलं, इपॉक्सी रेझिनचा आपणच ओतायचा!

इपॉक्सी म्हणजे घरोघरी असलेल्या अ‍ॅरल्डाइटचंच भावंडं. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान हा केमिस्ट दातांच्या कवळ्यांसाठी मटेरियल शोधत होता, त्या खटपटीतून हे रेझिन पुढे आलं. आपल्याकडे कंपोझिटच्या लॅबमध्ये एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर ही जोडी सगळ्यांना माहीत आहे. वजनाने १०० भागांना १० भाग. अंदाजपंचे चालत नाही, कारण हार्डनर जास्त झाला तरी रेझिन लवकर आणि चांगलं घट्ट होतं असं नाही. उरलेला हार्डनर आत तसाच राहतो आणि तुकडा कमजोर होतो. आम्ही मेसच्या काकांकडून डिजिटल काटा मागून आणला. (काका, त्याला चिकटलेला तो डाग रेझिनचाच होता. सॉरी!)

होस्टेलच्या गॅलरीत आमची फाउंड्री सुरू झाली. प्लॅस्टिकच्या डब्याचा साचा, आतून मेणाचं पॉलिश, हवेच्या वाटेसाठी ग्रीस लावलेल्या नळ्या. पहिल्या दिवशी एकाच कपात पाव किलो मिसळलं आणि गप्पा मारत बसलो. वीसेक मिनिटांत कप हाताला चटके देऊ लागला, मग त्यातून धूर! घट्ट होताना रेझिन उष्णता सोडतं आणि ढीग मोठा असला की ती बाहेर पडत नाही, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी. दुसऱ्या वेळी पाऊस होता. ठोकळ्यावर चिकट पांढरट साय आली. हवेतल्या ओलाव्याचा आणि कार्बन डायऑक्साइडचा हार्डनरशी झालेला तो उद्योग. तिसरा ठोकळा मात्र मधासारखा सुंदर निघाला. आत थोडे बुडबुडे होते, पण उजेडात धरला की ते छानच दिसायचे!

आता गणित ऐका. मधलं भोक २० मिलिमीटरचं, भिंत सगळीकडे कमीत कमी १० मिलिमीटर, दाब ६ बार. जाड सिलिंडरचं सूत्र लावलं तर भिंतीतला ताण साधारण १ मेगापास्कल येतो. चांगल्या इपॉक्सीची ताकद ५० च्या पुढे. म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी ५०! रिपोर्टमध्ये हे पान आम्ही ठळक अक्षरात टाकलं होतं.

शुक्रवारी सबमिशन होतं. गुरुवारी संध्याकाळी सायकल स्टँडमागे जोडणी केली आणि हवा सोडली. ३ बार, ठीक. ४ बार, ठीक. ५ च्या पुढे काटा गेला, 'टक' असा बारीक आवाज आला, आणि आमच्यातला एक जण कान लावून बघायला वाकला. त्याच क्षणी ठोकळा फुटला. तुकडा त्याच्या चष्म्याच्या काचेवर आपटून गालात घुसला. काच तडकली, गालाला तीन टाके पडले. चष्मा नसता तर काय झालं असतं हे आम्ही आजही एकमेकांना विचारत नाही.

रेक्टर सरांना आम्ही काय सांगितलं? 'सर, सायकलवरून पडला.' गाइड सरांनाही तेच. रात्रीतून विकतचे फिटिंग जोडून प्रोजेक्ट चालवला आणि चांगले मार्क मिळवले. फॅक्टर ऑफ सेफ्टीचं ते पान तसंच राहिलं.

मागच्या महिन्यात एस.ई.च्या दोन मुली खोलीवर आल्या. "ताई, तुमचा रेझिनचा मॅनिफोल्ड भारी होता म्हणे! साचा देता का?" माझ्या पोटात गोळा आला. आमच्या खोट्याची किंमत आता त्यांच्या डोळ्यांनी भरायची होती. त्या रात्री त्यांना सगळं सांगितलं, दुसऱ्या दिवशी चौघे मिळून गाइड सरांकडे गेलो. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती.

मग ५० चा फॅक्टर गेला कुठे? सूत्राला बुडबुडे माहीत नव्हते. टॅप फिरवून रेझिनमध्येच आटे पाडले आणि निमुळतं फिटिंग टेफ्लॉन टेप लावून पान्याने आवळलं, म्हणजे लाकडात पाचर ठोकावी तसं केलं, हेही सूत्राला माहीत नव्हतं. इपॉक्सी ठिसूळ असतं, एक चीर पडली की ती पळतच सुटते. शिवाय ठोकळा जेमतेम एका रात्रीचा. हाताला कडक लागला तरी पूरी ताकद यायला साधारण आठवडा लागतो.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे आम्ही पहिली टेस्ट हवेने घेतली. एक लिटर पाणी ६ बारला दाबलं तर त्यात एक दशांश ज्यूलसुद्धा ऊर्जा साठत नाही. तेवढ्याच जागेत ६ बारची हवा असेल तर काही शे ज्यूल! पाण्याने तडा गेला तर धार उडते आणि काटा खाली येतो. हवेने तडा गेला तर तुकडे उडतात. म्हणून तर बॉयलरचीसुद्धा आधी पाण्याने, दीडपट दाबावर परीक्षा होते. अहो, बाजारात माठ घेताना आई तो वाजवून घेते, आणि आपण होणारे इंजिनिअर ६ बारचा ठोकळा न वाजवताच तोंडाजवळ धरतो!

आता काही जण म्हणतात, घरगुती रेझिनवर बंदीच घाला. मला हे पटत नाही. बंदी आली की मुलं थांबत नाहीत, गॅलरीतून सायकल स्टँडमागे जातात. अर्थात सरांचं एक म्हणणं पूर्ण मान्य: टाकी, सिलिंडरची बॉडी असल्या गोष्टी रेझिनच्या करूच नयेत. पीव्हीसी पाइपमध्ये दाबलेली हवा भरू नका, असं तर पाइप बनवणारेच सांगतात. पण ग्रिपरची बोटं, ब्रॅकेट, सक्शन कपचे धारक, कमी दाबाचे जोड यांच्यासाठी ओतकाम उत्तम आहे. साचा, आकुंचन, उष्णता, बुडबुडे हे सगळं त्यात हाताने शिकता येतं. आणि जिथे आटे लागतात तिथे पितळी बुश आधीच साच्यात ठेवून भोवती रेझिन ओतावं, हेही आम्ही ठोकळा फोडूनच शिकलो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, वर्कशॉप पाचला बंद होतं आणि आमची लेक्चर्स पाचला संपतात. आठवड्यातून दोन दिवस ते आठपर्यंत उघडं ठेवा. मुलींना होस्टेलची वेळ आहे, तिचाही विचार व्हावा. दोन, प्लंबर नव्या बिल्डिंगची पाइपलाइन तपासायला वापरतात तसला एक हातपंप विभागाने घ्यावा. घरी केलेला कुठलाही दाबाचा भाग पाण्याने दीडपट दाबावर दहा मिनिटं टिकला, तरच त्याला हवा जोडायची. तीन, गॉगल आणि ग्लोव्हज् सक्तीचे. हार्डनर रोज हाताला लागला तर त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी होऊ शकते. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: फुटलेल्या वस्तूंना रिपोर्टमध्ये एक पान द्या आणि त्या पानाला मार्क द्या. फुटलं हे सांगायची भीती वाटली नसती, तर आम्ही सायकलची गोष्ट रचली नसती.

आमच्या ठोकळ्याचे सापडलेले तुकडे आता गाइड सरांच्या टेबलावर एका काचेच्या बरणीत आहेत. एस.ई.च्या त्या दोघी परवा ते बघून आल्या आणि त्यांनी पितळी बुश आणायला घेतले. बघा, पटतंय का!