गॅस ‘संपला’ की ‘गळला’?

(तृतीय वर्ष कला, मराठी)

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने मोटारीच्या एअर कंडिशनरवर लेख लिहावा, याचे संपादक मंडळाला हसू येईल. वार्षिकांकासाठी एखादी कविता नाहीतर सहलीचे वर्णन द्यायचे सोडून हिला हे काय सुचले, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या एका वाक्यापायी आमच्या घरात मोठे रामायण घडले ते वाक्य मराठीच आहे, आणि माझा आक्षेप त्या वाक्यावरच आहे. ते वाक्य असे : ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’

आमच्याकडे १९८९ सालची कॉन्टेसा आहे. आजोबांनी मोठ्या हौसेने घेतलेली. हिंदुस्थान मोटर्सच्या पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात १९८४ ते २००२ या काळात ही गाडी तयार होत असे. मूळ घडण इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीची, आणि आमच्या गाडीचे इंजिन जपानच्या इसुझूचे, १.८ लिटरचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात ‘थंड गाडी’ दारात असणे ही त्या काळी केवढी अपूर्वाई होती, हे आजी अजूनही रंगवून सांगते. आजोबा गेले. गाडी तेवढी राहिली.

गेली पाच वर्षे नेम ठरलेला होता. मार्च सरता सरता गाडीतील हवा कोमट येऊ लागे. बाबा गाडी एका दुकानात नेत. दुकानदार मीटर लावल्यासारखे करी आणि ते ठरलेले वाक्य म्हणे. २,२०० रुपये मोजले की महिना-दीड महिना सारे थंडगार! कधी एका उन्हाळ्यात दोनदाही जावे लागे. पाच वर्षांत सात वेळा गॅस भरला. कोणीही विचारले नाही, की आधीचा गॅस गेला कुठे?

मे २०२४ मध्ये आजीला डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला न्यायचे होते. वय ७९, त्यात रक्तदाबाचा त्रास. आठच दिवसांपूर्वी गॅस भरलेला, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. टेंभुर्णी मागे पडली आणि हवा गरम येऊ लागली. काचा खाली केल्या तर भट्टीची धग आत. इंदापूर ओलांडले, आणि भिगवणच्या अलीकडे आजी ‘बाळ, पाणी दे’ म्हणाली आणि तिने मान टाकली. रस्त्याकडेच्या एका रसवंतीच्या मांडवात आम्ही तिला निजवले, ओले पंचे अंगावर टाकले. अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले. तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही.

घरी परतल्यावर दोन पक्ष पडले. काकांचे म्हणणे, गाडी भंगारात द्या. त्याच वर्षी नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे होते. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी ते करावे लागते. ‘एवढा खटाटोप कशाला?’ हा त्यांचा सवाल. उलट दुकानदाराचा सल्ला, कॉम्प्रेसरपासून सगळाच एसी नवा बसवा, ३५,००० रुपयांत काम होईल. बाबा बिचारे मधल्यामध्ये. ‘या वर्षापुरता अजून एकदा गॅस भरून बघू,’ असे ते हळूच म्हणाले. म्हणजे एक म्हणतो गाडी टाका, दुसरा म्हणतो यंत्र टाका, तिसरा म्हणतो चालवून घ्या. या तिन्ही मतांत एक गोष्ट समान होती. बिघाड नेमका कोठे आहे, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

अखेर आजोबांच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी न्यायचे ठरले, आणि सुट्टी असल्यामुळे बाबांबरोबर मीही गेले. गॅरेजमध्ये मुलीचे काय काम, अशा नजरा सुरुवातीला झाल्या. मिस्त्रींनी मात्र मलाच कागद-पेन्सिल घ्यायला सांगितले. गॅस कधी कधी भरला, किती दिवस टिकला, हे सगळे लिहून घेतले. मग म्हणाले, ‘‘ताई, गॅस खायला ही काय म्हैस हाय का? बंद नळीत फिरणारी वस्तू ती. कमी झाली म्हणजे कुठंतरी वाट फुटली.’’

हे एक वाक्य ऐकून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण ‘गॅस’ म्हटले की आपल्यापुढे स्वयंपाकघरातील सिलिंडर उभा राहतो. तो जळतो आणि संपतो. मोटारीच्या एसीतील वायू जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्वच्या बारीक छिद्रातून सुटताच एकदम गार पडतो, आणि डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये गाडीतील उष्णता शोषून घेत पुन्हा वायू होऊन कॉम्प्रेसरकडे परततो. तोच वायू, तीच फेरी, वर्षानुवर्षे. तेव्हा ‘गॅस संपला’ हे वाक्यच मुळात खोटे आहे. गॅस गळतो. आणि ‘संपला’ म्हटले की भरणे हा उपाय सुचतो, ‘गळला’ म्हटले की भोक शोधावे लागते! एका क्रियापदाने आमच्या घरचे १५,४०० रुपये खाल्ले, आणि आजीच्या जिवाशीही खेळ झाला असता.

भोक शोधणे सोपे नव्हते. मिस्त्रींनी नळ्यांत नायट्रोजन भरून दाब दिला आणि सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावला. बाहेरच्या नळ्या, कंडेन्सर, सगळे ठीक. मीटरचा काटा मात्र हळूहळू खाली येत होता. मग डॅशबोर्डखालची पेटी उतरवली. त्यातच दोन संध्याकाळी गेल्या. कॉइल बाहेर आली तेव्हा तिच्या एका वळणावर धूळ बसून काळा, तेलकट डाग पडलेला दिसला. वायूबरोबर यंत्राचे तेलही फिरत असते. जेथून वायू निसटतो तेथे तेल पाझरते आणि त्यावर धूळ बसते. कॉइल पाण्याच्या टबात बुडवून दाब दिला, तर त्याच जागेवरून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर आले. आमचे पाच वर्षांचे दुखणे ते! कॉम्प्रेसर बिचारा ठणठणीत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला प्रकार झाला असता. वर नवा कॉम्प्रेसरही त्या फुटक्या कॉइलपायी बिघडला असता, कारण वायू कमी पडला की त्याच्याबरोबर परत येणारे तेलही पुरत नाही.

जुनी कॉइल तांब्याच्या नळीची, त्यामुळे डाग देऊन ते छिद्र बुजवता आले. ओ-रिंगा नव्या घातल्या. ओलावा शोषणारा ड्रायर मात्र नवाच घ्यावा लागला. एकदा नळ्या उघडल्या की जुना ड्रायर हवेतला ओलावा पिऊन निकामी होतो. मग पुन्हा नायट्रोजन भरून रात्रभर ठेवले. सकाळी काटा जागचा हललेला नव्हता. त्यानंतर पंपाने नळ्या निर्वात केल्या आणि मोजून वायू भरला. एकूण खर्च ६,८०० रुपये. निघताना मिस्त्रींनी आपणहून बजावले, ‘‘शेजारची नळीपण पातळ झाली हाय. पुन्हा गळली तर डागावर डाग देऊ नका, कॉइल बदला. पण कॉइलच बदला, सगळं नको.’’ दुरुस्तीचा अभिमान असलेला माणूस दुरुस्तीची मर्यादाही स्वतःच सांगतो, हे मला फार मोलाचे वाटले.

येथे कोणी म्हणेल, तुमच्या गाडीचा गॅस गळला तर तुमचे पैसे गेले, त्यात आमचे काय? वास्तविक येथेच या प्रश्नाला घराबाहेरचे तोंड फुटते. १९८९ साली आमच्या गाडीत आर-१२ नावाचा वायू होता. अशा वायूंतील क्लोरीन आकाशातील ओझोनच्या थराचा नाश करील, असा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच दिला होता. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या विवराचा शोध जाहीर झाला. १९८७ चा माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला, आणि २००८ मध्ये दम्याच्या औषधी फवाऱ्यांपुरता अपवाद ठेवून या वायूंचे उत्पादन आपल्याकडे थांबले. आमच्या गाडीतही पुढे १३४-ए हा वायू आला. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला त्याचा धोका नाही. परंतु हवा तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट जालीम आहे.

मी बसून साधा हिशेब केला. सात वेळा, दर खेपेला पाऊण किलो धरला तरी आम्ही सव्वापाच किलो वायू आकाशात सोडला. म्हणजे सात टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या मापाने हे ३,००० लिटरहून जास्त पेट्रोल जाळण्यासारखे आहे. लिटरला नऊ किलोमीटर धरले तर जवळजवळ २८,००० किलोमीटरचा धूर! आणि या पाच वर्षांत आमची गाडी पंधरा हजार किलोमीटर धावली असेल-नसेल. म्हणजे तिच्या धावण्यापेक्षा तिच्या गळण्याने हवेचे अधिक नुकसान केले, आणि तेही आम्ही दरवर्षी पदरचे पैसे देऊन!

काकांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. जुनी गाडी पेट्रोल जास्त पिते, धूर जास्त सोडते, हे खरेच आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’चा मान मिळतो. आमच्या गाडीची पन्नाशी २०३९ साली. तोवर ती ना नवी, ना वारसा. उद्या तिचा पत्राच गंजून खाली आला तर तिला निरोप देण्याच्या बाजूने मीच पहिला हात वर करीन. माझा हट्ट दुरुस्तीचा नाही. काही भाग दुरुस्त करावेत, काही बदलावेत, काही गाड्या खरोखरच भंगारात जाव्यात. परंतु हा निवाडा बिघाड डोळ्यांनी पाहिल्यानंतरचा असावा, आधीचा नव्हे. न पाहता बदलणे आणि न पाहता भरत राहणे, या दोहोंत मला तरी फरक दिसत नाही. पहिल्यात एकदम पैसे जातात, दुसऱ्यात हप्त्याहप्त्याने.

आणि म्हणूनच हा विषय मला विज्ञान शाखेच्या मित्रांवर सोडून द्यावासा वाटला नाही. शब्द नीट वापरा, असे आपले प्राध्यापक वर्गात सांगतात तेव्हा आपण ते परीक्षेपुरते समजतो. मला त्याचा अर्थ गॅरेजमध्ये, पाण्याच्या टबापाशी उभी असताना कळला. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, येत्या उन्हाळ्यात कोणी तुम्हाला ‘गॅस संपलाय’ म्हणाले, तर पैसे काढण्यापूर्वी एवढेच विचारा : ‘गळतोय कुठून?’

मे २०२५ मध्ये आम्ही पुन्हा आजीला घेऊन त्याच रस्त्याने पुण्याला गेलो. वर्षभरात गॅस भरलेला नव्हता. भिगवण जवळ येऊ लागले तशी मी सारखी मागे वळून पाहत होते. आजी जागी होती. म्हणाली, ‘‘अगं, ते मशीन जरा कमी कर, गार वाजतंय मला.’’