बालवाडीच्या बाईंचं शिक्षण किती हवं? तीन दिवस, सहा महिने की दोन वर्षं?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीईटीबाबत निकाल दिला. तेव्हापासून आपल्या घराघरांत एक प्रश्न विचारला जातोय. अंगणवाडीच्या सेविकेला, बालवाडीच्या बाईंना आता टीईटी द्यावी लागणार का? ज्या घरात कुणी वहिनी, कुणी खाला, कुणी मोठी मुलगी अशा ठिकाणी काम करते, तिथे ही काळजी साहजिक आहे.

आधी सरळ उत्तर देतो. त्या निकालामुळे लागणार नाही. तो निकाल पहिली ते आठवीच्या शिक्षकांबद्दल आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. ज्यांची पाचपेक्षा कमी वर्षं उरलीत त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. हे प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं होतं, अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टचं. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू करायचा की नाही, हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवावा, असंही त्यात सांगितलं आहे. पण शिक्षण हक्क कायद्याचं वयच मुळात ६ ते १४. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल त्याच्या कलम ११ मध्ये एवढंच आहे की सरकार त्यांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय करू शकतं. करायलाच हवी, असं नाही.

खरा घोळ या 'करू शकतं' मधूनच सुरू होतो. पहिलीच्या शिक्षकाला काय शिक्षण हवं ते कायद्याने ठरलं. तीन वर्षांच्या मुलाला शिकवणाऱ्या बाईंचं काय? सरकारच्या वेगवेगळ्या दारांवर आज वेगवेगळी उत्तरं मिळतात.

पहिलं दार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचं, म्हणजे एनसीटीईचं. या परिषदेने नोव्हेंबर २०१४ मध्ये अधिसूचना काढली. पूर्वप्राथमिक शिक्षकासाठी बारावीला किमान ५० टक्के आणि वर किमान दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका, किंवा मग बी.एड. नर्सरी. केंद्रीय विद्यालयांमध्ये २०२२ पासून बालवाटिका सुरू झाल्या, तिथे शिक्षिका घेताना साधारण हाच नियम लावतात. घेतात मात्र करारावर.

दुसरं दार अंगणवाडीचं, आणि गरिबांची बहुतेक मुलं याच दारातून आत जातात. महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. सेविका होण्यासाठी आता बारावी पास लागतं, वय १८ ते ३५, विधवा असेल तर ४० पर्यंत, आणि ती त्याच गावची किंवा वस्तीची रहिवासी हवी. शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पदविकेची अट नाही.

तिसरं उत्तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. सध्या काम करणाऱ्या सेविकांपैकी बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका द्यायची, असं धोरण म्हणतं. तेही काम सुरू ठेवून, डीटीएच वाहिन्या आणि मोबाइलच्या मदतीने.

आणि प्रत्यक्षात? केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं. सेविकेने रोज निदान दोन तास पूर्वशालेय शिक्षण द्यावं, ही त्यातली अपेक्षा चांगली आहे. मार्च २०२४ मध्ये त्यासाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रमही आला. पण त्यासाठी सेविकेला मिळणारं प्रशिक्षण आहे तीन दिवसांचं.

म्हणजे एकाच वयाच्या मुलासाठी परिषद म्हणते दोन वर्षं, धोरण म्हणतं सहा महिने आणि सेविकेच्या वाट्याला येतात तीन दिवस. खाजगी इंग्रजी केजीत तर दहावी झालेली मुलगी उभी केली तरी कुणी विचारत नाही. आपल्यातले किती आईबाप पोट मारून तिथली फी भरतात, आणि शिकवणाऱ्या मॅडमचं शिक्षण काय हे एकदाही विचारत नाहीत. (गणवेशाचं दुकान कुठलं, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारतात.)

आता आमचं मत. सर्टिफिकेटची अट आली की 'आपल्या बायकांना बाहेर काढण्याचा डाव' असं म्हणून मोकळं होणारे लोक असतात. आम्हाला ते पटत नाही. तीन ते सहा हे वय म्हणजे मुलाची भाषा घडण्याचं वय. या वयात जो गट मागे पडतो तो पहिलीत मागे पडतो, आणि पुढे गळतीच्या आकड्यात दिसतो. आपली मुलं त्या आकड्यात नेहमीच दिसली आहेत. त्यामुळे शिकलेल्या बाई सर्वांत आधी आपल्याच मुलांना हव्यात. आमची तक्रार वेगळी आहे. अट घातली जाते, पण अट पूर्ण करण्याची वाट कुणी बांधत नाही.

ही वाट कशी असते ते महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिलंय. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडला आदिवासी पाड्यांवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात न्यायची, ही 'अंगणवाडी'ची कल्पना तिथली. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. शिकवणारी बाई मुलांच्या भाषेची, ओळखीची आणि तिला प्रशिक्षणही पक्कं. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, त्यात अंगणवाडी हे नाव राहिलं, स्थानिक बाई राहिली. पण आहार, वजन, नोंदवह्या, लसीकरण, सर्वेक्षण यांच्या गर्दीत शिक्षण मागे गेलं. आज सेविकेचा किती वेळ मुलांसोबत जातो आणि किती पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरण्यात, हे कुठल्याही सेविकेला विचारून बघा.

भाषेची गोष्ट इथे महत्त्वाची आहे. २०२२ च्या पायाभूत स्तरावरच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलाच्या घरच्या भाषेवर भर आहे. आपल्या घरची भाषा कुठली? रत्नागिरी-रायगडकडच्या घरात कोकणी ढंगाची बोली, सांगली-सोलापूरकडे दखनी आणि मराठीची सरमिसळ, मालेगाव-भिवंडीत उर्दू. मूल घरी 'पानी देव' म्हणतं आणि अंगणवाडीत गेल्यावर गप्प बसतं, तेव्हा ते मंद नसतं. त्याला आपलं बोलणं समजून घेणारं माणूस भेटलेलं नसतं. मुहल्ल्यातली सेविका असेल तर हा अडसर पहिल्याच आठवड्यात दूर होतो.

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी भरतीच्या नियमांमध्ये याची सोय आहे, पण बहुतेकांना ती माहीत नाही. ज्या अंगणवाडीत निम्म्याहून जास्त मुलं मराठी सोडून दुसरी भाषा बोलणारी असतील, तिथे मराठी लिहिता-वाचता येणारी आणि ती दुसरी भाषाही जाणणारी उमेदवार निवडायची असते. आपल्या वस्तीत ही अट जाहिरातीत नीट लागते का, मुलांच्या भाषेची नोंद खरी होते का, हे पाहायला कुणी जात नाही. मग बाहेरची कुणी नेमली गेली की चहाच्या टपरीवर चर्चा होते. तोवर हरकतीची मुदत संपलेली असते.

आता घराघरात चाललेल्या काही चुकीच्या समजुतींबद्दल, कारण त्यात मुलींची वर्षं आणि बापाचा पैसा जातोय.

'बी.एड. केलं की सगळीकडे चालतं' ही सर्वांत मोठी. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एल.एड. हवं. मोठी पदवी म्हणून लहान मुलांना शिकवण्याची लायकी आपोआप येत नाही, हा त्यामागचा विचार. पूर्वप्राथमिकसाठीही साधं बी.एड. नव्हे, तर नर्सरीचं बी.एड. किंवा दोन वर्षांची पदविका ही मोजमापाची पट्टी आहे. नात्यातली एखादी मुलगी 'बी.एड. झालंय' म्हणून निर्धास्त असेल तर तिला हे वेळेत सांगा.

दुसरी समजूत गल्लीबोळातल्या 'एनटीटी' आणि 'मॉन्टेसरी' वर्गांबद्दल. सहा महिन्यांत सर्टिफिकेट, नोकरीची हमी, भिंतीवर मोठा फ्लेक्स. यातले काही वर्ग खरोखर चांगलं शिकवतात, खाजगी केजीत त्याचा उपयोगही होतो. पण सरकारी भरतीत असा कागद चालेल की नाही, हे फ्लेक्सवरून ठरत नाही. संस्थेला एनसीटीईची मान्यता आहे का आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे का, हे दोन प्रश्न फी भरण्याआधी विचारायचे आणि मान्यतेचा कागद पाहायला मागायचा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं असं समजा. इग्नूची बालसंगोपन आणि शिक्षणाची दूरस्थ पदविका शिकण्यासाठी उपयोगी आहे, खर्चही आवाक्यातला. पण ती एक वर्षाची आहे. दोन वर्षांच्या पदविकेची अट असलेल्या जागी तिच्यावर विसंबू नये.

आपल्या अंजुमनच्या, ट्रस्टच्या उर्दू शाळांना जोडलेल्या बालवाड्यांचं दुखणं याहून जुनं आहे. प्राथमिक शाळेला अनुदान असलं तरी बालवाडीचा खर्च फीवर आणि देणगीवर चालतो. तिथल्या आपा पंधरा-पंधरा वर्षं शिकवतात, हातात येतात काही हजार. त्यांच्याकडून उद्या दोन वर्षांची पदविका मागितली तर त्या नोकरी सोडून कशा करतील? संस्थाचालकांना आमचं सांगणं आहे की इमारतीच्या रंगरंगोटीसाठी चंदा जमतो, तसा आपल्या शिक्षिकांच्या पदविकेच्या फीसाठीही जमायला हवा. शाळेचं नाव त्या आपाच्या जोरावर टिकलंय.

आणि पैशाचा प्रश्न सरकारपुढेही ठेवायला हवा. सेविकेचं काम शिक्षकाचं, पण ती कर्मचारी नाही, 'मानधनी' आहे. तिच्या मानधनात केंद्राचा हिशोब २०१८ पासून दरमहा ४,५०० रुपयांवर धरलेला आहे, बाकी भार राज्याचा. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका दीड महिन्याहून जास्त संपावर होत्या, तेव्हा अंगणवाड्यांना कुलपं लागली आणि मुलांच्या आहाराचे हाल झाले. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सांगितलं. त्या पूर्वशालेय शिक्षणाचंही काम करतात, याची दखल त्या निकालात आहे. म्हणजे न्यायालयाला त्यांच्यातली शिक्षिका दिसते, पगारपत्रकाला दिसत नाही. सर्टिफिकेट शिक्षकाचं मागायचं आणि पैसे मानधनाचे द्यायचे, हे फार दिवस चालणार नाही. शिकलेली मुलगी मग खाजगी केजीत किंवा मॉलमध्ये जाईल.

सरकारकडे मागायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. धोरणातला सहा महिन्यांचा आणि एक वर्षाचा अभ्यासक्रम प्रत्येक सेविकेपर्यंत मोफत पोचावा, मराठीसोबत उर्दूतही असावा. टीईटी उर्दूतून देता येते, तर हे का नको? जुन्या सेविकांच्या अनुभवाला गुण मिळावेत. आणि प्रमाणपत्र मिळालं की मानधनात फरक पडावा, नुसता सत्कार आणि गुलाबाचं फूल नको.

याला घाई आहे. शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानतं, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. टीईटी सर्व स्तरांना, या पायाभूत स्तरालाही, लावावी असं त्याच धोरणात लिहिलेलं आहे. आजच्या निकालात बालवाडीची बाई नाही, पण धोरणाच्या कागदावर तिचं नाव आलेलं आहे.

यंदा बारावी झालेल्या मुलीला तयारीला वेळ आहे. तिने मराठी पक्की ठेवावी आणि जमलं तर मान्यताप्राप्त पदविकेला प्रवेश घ्यावा. चाळिशी ओलांडलेल्या सेविकेला किंवा आपाला तेवढा वेळ नाही, तिच्यासाठी समाजाने आणि संघटनांनी आताच बोललं पाहिजे. आणि आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीची पुढची जाहिरात निघेल तेव्हा ती ग्रामपंचायतीत किंवा बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन स्वतः वाचा. भाषेची अट त्यात आहे का ते बघा. नसेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.