बरे वाटले म्हणून गोळी सोडू नका

अनसिंगहून वाशिमला मोठ्या डॉक्टरकडे जायचे म्हणजे आमची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आम्ही मेडिकलवरून गोळी आणतो आणि बरे वाटले की ती बंद करतो. इथेच आमचे चुकते.

मोठ्या माणसांच्या अंतर्गत रोगांचा तज्ज्ञ म्हणजे फिजिशियन. तो शस्त्रक्रिया करीत नाही. आधी विचारतो, मग नाडी पाहतो, छाती ऐकतो, नंतर रक्त तपासायला सांगतो. रक्तदाब पुन्हापुन्हा १४०/९० किंवा त्यावर, उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त निघाली, तर काही दुखत नसले तरी रोग आहे. गोळीने आकडा उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे. गोळीने तो फक्त आवरून धरला आहे. गोळी सोडली की लकव्याचा धोका, किडनी आणि डोळ्यांचेही नुकसान.

आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी अशा रुग्णाच्या बाबतीत फसवू शकते. घरात कोणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. जाणता डॉक्टर मग दुसरी तपासणी करतो.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. मुंबईचे डॉ. मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत. एवढा विद्वान माणूस वैद्याचा सल्ला घेतो, मग आम्ही का लाजावे?

तिशी ओलांडलेल्या भावाबहिणींनो, सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. जुने कागद एका पिशवीत जपा. एक मजुरी बुडेल, पण घरचा कर्ता माणूस वाचेल.