नोंद डोळ्यांसमोर हवी

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव किंवा जन्मतारीख दुरुस्त करायची झाली, तर मूळ नोंद खरडून काढत नाहीत. तिच्यावर रेघ मारायची, तांबड्या शाईने दुरुस्ती लिहायची, तारीख घालून सही करायची, ही जुनी शिस्त. पन्नास वर्षांनी दाखल्यासाठी आलेल्यालाही काय बदलले ते दिसते.

संगणकात मात्र नवे लिहिले की जुने पुसले जाते. म्हणून चांगल्या प्रोग्रॅममध्ये ‘लॉग’ असतो. हा शब्द जहाजावरचा. वेग मोजण्यासाठी दोरीला लाकडी ओंडका बांधून पाण्यात सोडत. त्याची नोंद होई ते लॉगबुक. आम्हा शिक्षकांना पाठनिरीक्षणाचे लॉगबुक परिचयाचे आहेच.

आपली अनेक मुले बेळगावात बीसीए, डिप्लोमा करतात, प्रकल्प म्हणून ग्रंथालयाचा किंवा दुकानाचा प्रोग्रॅम बनवतात. त्यांना आग्रहाचे सांगणे आहे की, लॉग केवळ फाईलमध्ये दडवू नका; खिडकीच्या तळाशी चौकट करून दाखवा. दोनशे नावे भरताना तीन गाळली गेली, तर कारकुनाला तेव्हाच कळले पाहिजे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर कळून काय उपयोग?

काम अवघड नाही. पायथॉनमध्ये २००३ च्या २.३ आवृत्तीपासून लॉगिंगची सोय आहे. ‘डीबग’पासून ‘क्रिटिकल’पर्यंत पाच पायऱ्या आहेत, पैकी ‘डीबग’ फाईलमध्ये राहू द्या, बाकीच्या पडद्यावर दाखवा. मागे चालणाऱ्या थ्रेडने चौकटीला थेट हात लावू नये, नाहीतर प्रोग्रॅम मध्येच बंद पडू शकतो. त्याने निरोप रांगेत ठेवावा आणि मुख्य थ्रेडने ठरावीक वेळाने उचलून लिहावा. चौकटीत शेवटच्या हजार ओळी पुरेत. फाईल यूटीएफ-८ मध्ये ठेवा, म्हणजे मराठी नावांची प्रश्नचिन्हे होणार नाहीत. पासवर्ड आणि आधार क्रमांक मात्र लॉगमध्ये कधीही नकोत.

काहीजण म्हणतात, असल्या ओळी पाहून सामान्य माणूस घाबरतो. तो घाबरतो परक्या भाषेला. ‘ओळ ४७ : जन्मतारीख नाही, नाव घेतले नाही’ असे मराठीत लिहा; कोण घाबरेल?

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे झाले आहे. ती बंदही करता येत नाही. पैशाची एवढी काळजी घेतली जाते, तर मुलाच्या नावाची का घेऊ नये?