क्लब नेमका कुणाचा?

'कुठली टीम?' असं ऑफिसात कुणालाही विचारा. मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनल... उत्तरं ठरलेली! मी मात्र सांगते, एएफसी विम्बल्डन. समोरचा हमखास म्हणतो, 'अगं, ते टेनिसचं ना?'

हो, तेच लंडनचं उपनगर. तिथे १८८९ मध्ये एक फुटबॉल क्लब निघाला. छोट्या-छोट्या लीगमध्ये खेळता खेळता १९७७ मध्ये त्याला फुटबॉल लीगची दारं उघडली आणि अवघ्या नऊ वर्षांत ही मंडळी थेट टॉप डिव्हिजनमध्ये! १९८८ च्या एफए कप फायनलमध्ये तर त्यांनी बलाढ्य लिव्हरपूलला १-० ने लोळवलं. लॉरी सांचेझने हेडर मारून गोल केला. डेव्ह बेझंटने पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं.

खरी गोष्ट मात्र त्यानंतरची आहे. १९९१ मध्ये क्लबने प्लाऊ लेन हे घरचं मैदान सोडलं आणि तो क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू झाला. मग मालकांच्या डोक्यात आलं, चला, मिल्टन कीन्सला! म्हणजे सुमारे ९० किलोमीटर लांब. २८ मे २००२ ला तीन जणांच्या आयोगाने २-१ अशा मतांनी परवानगी दिली. वर हेही ऐकवलं, की विम्बल्डनमध्ये नव्याने क्लब उभा करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

फॅन्सनी काय केलं? काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला! खेळाडू हवेत म्हणून विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर ट्रायल्स घेतल्या. सुरुवात केली ती कम्बाइन्ड काउंटीज लीगपासून, म्हणजे पार तळातून. नऊ सीझन, पाच प्रमोशन्स, आणि २०११ मध्ये पुन्हा फुटबॉल लीग!

तिकडे जुना क्लब २००४ मध्ये 'एमके डॉन्स' झाला. तिथल्या पोरांचं त्यांच्या टीमवरचं प्रेमही खरंच आहे, त्यांना कशाला नावं ठेवायची? पण २००७ मध्ये त्या क्लबने जुन्या ट्रॉफ्या आणि इतिहासावरचा हक्क विम्बल्डनकडे, मर्टनच्या पालिकेकडे सोपवला. कंपनी एकाकडे गेली, आठवणी दुसऱ्याकडे.

नोव्हेंबर २०२० मध्ये एएफसी विम्बल्डन प्लाऊ लेनवर परतला. जुन्या मैदानाच्या जवळच नवं स्टेडियम उभं राहिलं होतं. गंमत बघा, ज्यांनी यासाठी वर्षानुवर्षं जिवाचं रान केलं, त्यांनाच कोव्हिडमुळे त्या पहिल्या मॅचला आत जाता आलं नाही. पण क्लबमधला सर्वात मोठा हिस्सा आजही फॅन्सच्या ट्रस्टकडेच आहे.

आपण जर्सी घेतो, रात्री जागून मॅच बघतो आणि बिनधास्त 'आमचा क्लब' म्हणतो. कागदावर आपण फक्त गिऱ्हाईक असतो. मग उद्या तुमचा क्लब उठून दुसऱ्या शहरात निघाला तर? चॅनल बदलाल, की मैदानात उतराल?