बंदी तिकडे, फवारणी इकडे

डायफेनथियुरॉन हे कपाशीवरच्या पांढऱ्या माशीचे औषध. युरोपीय संघात त्याची परवानगी 2002 मध्ये गेली, स्वित्झर्लंडमध्ये 2009 मध्ये. तरीही 2017 या एका वर्षात सुमारे 75 टन डायफेनथियुरॉन स्वित्झर्लंडहून भारतात आले आणि त्यात कुठलाही कायदा मोडला गेला नाही. घरच्या शेतात मनाई, परदेशी विकायला मुभा, अशी तिथली तरतूद होती. इकडे 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली त्याची नोंदणी होती. धोकादायक रसायनांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम करार तर बंदी घालतच नाही. आपल्या यादीतल्या रसायनासाठी तो आयात करणाऱ्या देशाची पूर्वसंमती मागतो. डायफेनथियुरॉन त्या यादीतही नव्हते.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वऱ्हाडात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालणाऱ्या मजुराच्या तोंडावर, उघड्या हातांवर फवारा उलटून यायचा. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले. अकोला, अमरावतीसह पाच जिल्ह्यांत राज्याने डायफेनथियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस धरून पाच औषधांची विक्री थांबवली, पण साठच दिवस. कायमच्या बंदीचा अधिकार केंद्राकडे आहे.

शेतात दोन-तीन औषधे एकाच टाकीत कालवली जातात, त्यामुळे कोणत्या डब्याने जीव गेला हे सिद्ध करणे कठीण. नोंदणी केंद्राची, विक्रीचा परवाना राज्याचा, दुकान गावातले, औषध बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या बासेलला. नियम वाढले तशी जबाबदारी पुढच्याकडे ढकलायची जागाही वाढली. प्रत्येक टप्प्यावरचा कागद चोख असतो, म्हणून माणसे मरूनही गुन्हा कुणाच्याच नावावर चढत नाही. या व्यवस्थेतला सर्वांत घातक दोष हाच.

सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळच्या 51 बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या तत्त्वांखाली सिंजेंटाविरुद्ध तक्रार झाली. दोन विधवा आणि एका बाधित शेतकऱ्याने बासेलमध्ये भरपाईचा दावाही लावला. आपल्या ‘पोलो’ या डायफेनथियुरॉनच्या औषधामुळे विषबाधा झाली, हे कंपनीने नाकारले. ओईसीडीच्या यंत्रणेला मध्यस्थी करता येते, शिक्षा देता येत नाही.

डायफेनथियुरॉनच्या निर्यातीवर स्वित्झर्लंडने 1 जानेवारी 2021 पासून बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस 36 एसएल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश निघायला भारतात 2023 साल उजाडले.