ठोकळ्यांची पेटी कुलपात नको!

"दिवसभर ठोकळेच खेळतो, अभ्यास कधी करणार?" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण मैत्रिणींनो, पूल बांधताना मूल काय काय करतं ते बघा. दोन्ही खांब सारखे हवेत म्हणून ठोकळे मोजतं, ते गणित. तोल गेला की पूल कोसळतो, ते विज्ञान. "हा आपला गोदावरीचा पूल" म्हणून सांगतं, तो भूगोल आणि भाषासुद्धा!

सिरोंच्यात याचं मोल जास्तच. इथे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी माडिया. मराठी शाळेत मात्र मराठीच. शब्द अडले, तरी हात अडत नाहीत. मूल आधी घरच्या भाषेत मोजेल, तर मोजू द्या.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने खेळातून शिकण्यावर भर दिला. २०२३ मध्ये ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आला. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांना आसपासच्या साध्या वस्तूंमधून कितीतरी आधी शिकवलं होतं.

महागडे ठोकळे कशाला? सुताराकडचे तुकडे घासून घेतले तरी चालतात. आणि अंगणवाडीत गेलात की एवढं नक्की विचारा : खेळण्यांची पेटी मुलांच्या हातात असते, की मोडतील म्हणून कुलपात?